यार्देनच्या वयाचा दाखला

घरांतर्गत कालबाह्य प्लास्टिक जलवाहिनी ओळख व बदल अभियानाचं परिपत्रक आमच्या ग्रामपंचायतीत सोमवारी सकाळी अकरा वाजता पोचलं आणि त्याच दुपारी माझी 'जलवाहिनी ओळख सहायक' या कंत्राटी पदावर नेमणूक झाली. पात्रता 'विज्ञान पदवीधर' अशी होती. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. गावाचं नाव मात्र इथे लिहीत नाही, कारण कार्यालयीन कागदाबाहेर ते वापरायला ग्रामसभेचा ठराव लागतो. शिरूरहून मांडवगण फराट्याकडे निघालं की उसातच कुठेतरी आमचं गाव लागतं, एवढं पुरे.

परिपत्रक चौदा पानांचं होतं. पहिलं पान वाचून मला आनंद झाला, कारण त्यात सगळं खरं लिहिलं होतं. जुने करडे प्लास्टिकचे पाईप वर्षानुवर्षांनी ठिसूळ होतात, त्यांना केसाएवढ्या चिरा पडतात आणि नळ बंद असताना शेजारच्या गटाराचं पाणी त्या चिरांतून आत शिरतं. पूर्वीच्या काही पाईपांत शिसंही मिसळलेलं असे. म्हणून असे पाईप शोधा आणि बदला. नवव्या पानावर व्याख्या होती: 'कालबाह्य जलवाहिनी म्हणजे जिचे वय पंचवीस वर्षांपेक्षा अधिक असल्याचे सक्षम कागदपत्राने सिद्ध होते अशी जलवाहिनी.' चिरा, भुकटी, ठिसूळपणा तपासायच्या रीती परिशिष्ट तीनमध्ये दिल्या होत्या. परिशिष्ट तीनवर 'रद्द' असा शिक्का होता.

मला तीन साधनं मिळाली: मोजपट्टी, टॉर्च आणि पेनाएवढा एक टीडीएस मीटर. तो पाण्यात बुडवला की पाण्यात किती क्षार विरघळले आहेत ते आकड्यात दिसतं.

पाहणीला सुरुवात मिशन कंपाउंडपासून केली, कारण गावातले सगळ्यात जुने नळ तिथे आहेत. सहा कौलारू घरं, मधे चर्च, चर्चमागे गटार. पहिल्या घरात कृपाबाई राहतात. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी चाळीस वर्षं नर्सिंग केलं. आता वय एकाहत्तर. मुलगी रिबेका आणि जावई रांजणगावला कंपनीत आहेत. दोघांच्या शिफ्टा उलटसुलट असल्यामुळे त्यांची नऊ वर्षांची एंजल आजीकडे असते. त्या दिवशी ती शाळेचा दिवस असूनही खाटेवर पडून होती.

"कावीळ," कृपाबाई म्हणाल्या. "वर्षात दुसऱ्यांदा. ये, पाईप दाखवते."

पाईप गटाराच्या कडेनं भिंतीवर चढला होता. "बोट फिरवून बघ," त्या म्हणाल्या. मी फिरवलं. बोट पांढरं झालं, खडूसारखं. नखानं टिचकी मारली तर चिनीमातीच्या कपासारखा आवाज आला.

"आजी, हे पाणी तुम्ही पिता?"

"वीस मिनिटं उकळून. नर्सला शिकवतेस काय गं?"

"मग एंजलला कावीळ कशानं झाली?"

"तेच तर कळंना. घरात मी उकळल्याशिवाय थेंब देत नाही. शाळेत जारचं पाणी आहे, ते तर चांगलंच. पुन्हा झाली तर तिचं लिव्हर साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. एवढा पाईप तेवढा बदलून द्या बाई."

त्यांच्या नळाच्या पाण्यात मीटर बुडवला. आठशे बारा. ऑफिसात परतले तेव्हा घसा कोरडा पडला होता. आमच्या ऑफिसात गावातल्याच गोकुळच्या पाण्याच्या प्लांटमधून रोज दोन जार येतात. जारवर हिमालयाचं चित्र आणि 'शुद्ध, शीतल, सात्त्विक' असे शब्द आहेत. पेला भरला आणि सवयीनं मीटर बुडवला. आठशे अकरा. गाळलेल्या पाण्याचा आकडा शंभराच्या आत असायला हवा. एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या पाण्यांना एकच आकडा दाखवणारं उपकरण सदोष समजावं, हे मला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. मी पेला रिकामा केला, मीटर खोक्यात घातला आणि 'सदोष, तपासणीस्तव' असं लिहून पुण्याला पाठवून दिला.

भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, माझा अहवाल शांतपणे वाचला.

"पाईप जुना हाय, मान्य. पन वयाचा पुरावा?"

"भाऊसाहेब, बोटाला पांढरं लागतंय."

"माझ्या आईचं केस पांढरं हायेत. म्हणून काय तिला दाखल्याबिगर पेन्शन मिळाली व्हय?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. मी पुन्हा कृपाबाईंकडे गेले.

"पुरावा आहे की," त्या म्हणाल्या आणि मला चर्चच्या कपाटापाशी घेऊन गेल्या. त्यांनी बाप्तिस्म्यांचं जुनं रजिस्टर काढलं. अनुक्रमांक एकशे चौदा. नाव: यार्देन. दिनांक: १७ मे १९८७, रविवार. बापाचे नाव: एलिया. आईचे नाव: कृपाबाई.

"हे काय?"

"पाईपच. त्या दिवशी कंपाउंडात पहिल्यांदा नळाला पाणी आलं. आमच्या ह्यांनी दौंडहून टेम्पोत पाईप आणले आणि स्वतः खड्डे खणून पुरले. मग उपासनेनंतर समर्पण झालं. पाळकसाहेब म्हणाले, रोज घरात पाणी भरणाऱ्याला नाव नको? म्हणून बायबलातल्या नदीचं नाव दिलं, यार्देन. रजिस्टर एकच होतं. आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही, असा पाळकसाहेबांचा नियम. बापाच्या रकान्यात काय लिहायचं? ज्यानं पुरला त्याचं नाव लिहिलं. मग आईच्या रकान्यात मी आलेच."

रसायनशास्त्रात इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. तारीख होती, वार होता, पाळकांची सही होती. पाईपचं वय अडतीस वर्षं. मी रजिस्टरची साक्षांकित प्रत घेऊन धावतच ऑफिसात आले आणि संगणक चालक रविराजच्या टेबलावर ठेवली.

रविराजनं दहा मिनिटं माऊस हलवला. "मॅडम, वयाचा पुरावा फक्त 'व्यक्ती'च्या मेन्यूत चढतोय. 'वस्तू'ला जन्मतारीखच न्हाई."

"मग?"

"व्यक्ती करू की. नंतर बदलता येतंय."

"नंतर नक्की बदलता येतं?"

"मेन्यूत तसं लिवलंय. मी कवा बदलून बघितलं न्हाई."

पुढचा रकाना लिंगाचा होता. इथे रविराज खरोखर थांबला. "परिपत्रकात ती जलवाहिनी हाय, बोलताना तो पाईप हाय. काय टाकू?"

मी काही म्हणायच्या आत त्यानंच निर्णय घेतला. "तो पाईप. कामाचा मानूस हाय." त्यानं 'पुरुष' निवडलं. व्यवसाय: पाणीपुरवठा. वैवाहिक स्थिती: अविवाहित. मग त्यानं बटण दाबलं आणि पडद्यावर हिरवी ओळ आली: 'यार्देन एलिया, वय ३८. कालबाह्य: नाही. (व्यक्तीसाठी मर्यादा ६० वर्षे.)'

"बावीस वर्षं हायेत की अजून," रविराज कौतुकानं म्हणाला.

एवढ्यावर थांबलं असतं तर कृपाबाई बावीस वर्षं थांबल्याही असत्या. पण नोंद झाली की तिची साखळी आपोआप पुढे सरकते. पाईप बदलाच्या प्राधान्य यादीत 'एकल वृद्ध महिला' म्हणून कृपाबाई पहिल्या क्रमांकावर होत्या. एलिया वारले होते, आणि विवाहित मुलगी धरू नये, नात धरू नये, असा नियम असल्यामुळे त्या एकल ठरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या दोनशे सहाव्या क्रमांकावर गेल्या. शेरा होता: 'सज्ञान पुत्र हयात, एकत्र राहतो, नोकरीत आहे.' रविराजनं आदल्या दिवशी 'ती जलवाहिनी' निवडली असती, तर ती मुलगी झाली असती आणि मुलगी धरायची नसते. एका लिंगानं दोनशे पाच घरांचा फरक पडला.

कृपाबाई काठी टेकत ऑफिसात आल्या. भाऊसाहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ज्याला तुम्ही माझा मुलगा म्हणता, तो जमिनीत आहे."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "अरेरे. कवा?"

"सत्याऐंशी साली पुरला."

"मग दाखला काढला न्हाई व्हय मयताचा?"

"मयत कुठं होता? धडधाकट होता. ह्यांनी स्वतःच्या हातानं पुरला."

भाऊसाहेब उठले, दार लावून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आजी, हे असं ऑफिसात बोलू नगा. मी सरकारी मानूस हाय, मला कळवावं लागंल."

मी मधे पडून सगळा प्रकार सांगितला. भाऊसाहेबांना हायसं वाटलं, पण पाच मिनिटंच. कारण चूक कबूल करायची तर 'नोंद दुरुस्ती'चा अर्ज हवा, आणि त्या अर्जावर संबंधित व्यक्तीची सही हवी.

"म्हंजी यार्देनची," रविराज म्हणाला.

"त्याला सही येत नाही," कृपाबाई म्हणाल्या. "गळती येते."

"अंगठा?"

"भाऊसाहेब, तो पाईप आहे."

"ते मला ठाऊक हाय, आजी. पन सिस्टीमला कुठं ठाऊक हाय?"

दुरुस्ती होत नसेल तर एकच वाट उरते, ती म्हणजे नाव कमी करणे. त्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो आणि त्यासाठी डॉक्टर. डॉक्टर आले. माणूस सज्जन होता आणि नियमाचा पक्का. त्यांनी नळ सोडला, पाणी आलं. "वाहतंय की. मी मयत कसा लिहू?" मी वरचा व्हॉल्व्ह बंद करवला. पाणी थांबलं. डॉक्टरांनी पाच मिनिटं वाट पाहिली, व्हॉल्व्ह सोडायला लावला. पाणी पुन्हा आलं. त्यांनी कागदावर लिहिलं: 'तात्पुरती बेशुद्धी. निरीक्षणाखाली ठेवावे. भरपूर पाणी द्यावे.'

त्या दिवशी खिडकीतून एंजलनं मला हाक मारली. तिचे डोळे हळदीसारखे होते. "ताई, यार्देनमामा बरा झाला का गं?"

मी नाही म्हणाले.

"मी पण नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सुटका शेवटी सहकार क्षेत्रानं केली. गाळप हंगाम ऐन भरात होता आणि पाटसच्या साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्या चालल्या होत्या. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या मिशन कंपाउंडच्या वळणावर अंगाबाहेर भरून आल्या, रस्त्याची कड खचली आणि पाईप फुटला. पाणी कौलांपर्यंत उडालं. डॉक्टर आले, बघितलं आणि क्षणाचाही विलंब न लावता लिहिलं: 'मयत. कारण: वाहन अपघात.'

संध्याकाळच्या आत फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, कै. यार्देन एलिया. फोटो म्हणून माझ्या पाहणी अहवालातला पाईप छापला होता आणि त्याखाली शोकाकुल म्हणून तेवीस तरुणांचे गॉगल घातलेले चेहरे होते. सरपंच हौसराव आप्पांनी शोकसभा घेतली. आप्पा कुणाच्याही शोकसभेत बोलतात आणि चांगलं बोलतात.

"यार्देन आपल्या गावचा कष्टाळू गडी व्हता," आप्पा म्हणाले. "जमिनीवर त्यानं कवा तोंड दाखवलं न्हाई. कुणाला न्हाई म्हणला न्हाई. आतनं झिजला, पन वरनं कळू दिलं न्हाई. असा मानूस आता व्हणं न्हाई."

जमलेल्यांपैकी निम्म्यांना तो पाईप होता हे माहीत नव्हतं. डोळे पुसणाऱ्यांत मात्र माहीत असलेलेच जास्त होते. दोन मिनिटं शांतता पाळली. त्या शांततेत कुणीतरी पाणी मागितलं, तेव्हा कळलं की आज जारच आले नाहीत. गोकुळनं निरोप धाडला होता: 'मशीन मेंटेनन्सला हाय.'

दुसऱ्या दिवशी पंचनामा होता. अपघाती मृत्यूत तो टळत नाही. भाऊसाहेब, रविराज, मी आणि दोन पंच. फुटलेल्या जागेपासून दोन हात खणलं, तर यार्देनच्या कुशीत एक जोड निघाला आणि त्यातून एक काळा पाईप रस्त्याखालून पलीकडे गेलेला दिसला. तो आम्ही खणत गेलो. काळा पाईप गोकुळच्या प्लांटमध्ये शिरत होता.

"गोकुळ, हे काय रं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कनेक्शन."

"ते दिसतंय. फिल्टरचं मशीन कुठाय?"

"हे काय, हाय की." कोपऱ्यात मशीन होतं. कंपनीतून आलेलं प्लास्टिकचं वेष्टण तसंच होतं. वर लिंबू-मिरची बांधली होती. पूजा झाली होती, जोडणी राहिली होती.

"आणि हे जार?" मी विचारलं.

"गार करायचं मशीन चोवीस तास चालू असतंय, ताई. त्यात खोट न्हाई. लोक तोंडाला लावून म्हणत्यात, गार हाय का? शुद्ध हाय का, असं आजवर कुणी इचारलंच न्हाई." तो मनापासून दुखावला होता. "इचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो."

शाळेचे जार इथूनच जात होते. कृपाबाई घरातलं पाणी वीस मिनिटं उकळत होत्या आणि तेच पाणी न उकळता, थंड करून, हिमालयाच्या चित्रासह त्यांच्या नातीला वर्गात मिळत होतं. आम्ही ऑफिसात बसून त्या घरावर दया दाखवत होतो आणि पेल्यामागून पेले तेच रिचवत होतो. उन्हात भाऊसाहेबांनी चष्मा काढून घाम पुसला. त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग मला पांढरा वाटला नाही.

परत आले तेव्हा टेबलावर पुण्याहून आलेलं खोकं होतं. आत मीटर आणि एक चिठ्ठी: 'उपकरण अचूक. निरीक्षकाने स्वतःची तपासणी करून घ्यावी.' दुसरं वाक्य छापील होतं. सगळ्यांनाच पाठवत असावेत.

यानंतर यार्देन बदलला जाईल, असं कुणालाही वाटलं असतं, आणि तो बदलला गेलाही. पण तो सेवेत असताना मयत झाला होता. अशा वेळी रिकामी जागा अनुकंपा तत्त्वावर भरतात, आणि अनुकंपा फक्त मृताच्या कुटुंबातल्या व्यक्तीला मिळते. बाहेरचा नवा पाईप घेतला तर त्याच्यावर हरकत येऊ शकते, असं भाऊसाहेबांचं मत पडलं. शोध घेतला. चर्चच्या माळ्यावर, एलियांनी दौंडहून आणलेल्या त्याच मालातले तीन पाईप उरलेले होते. रंग तोच, जाडी तीच, साल तेच. सख्खे भाऊ. त्याच आठवड्यात त्यांतल्या एकाला त्याच खड्ड्यात रुजू करून घेण्यात आलं. त्याचा बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे त्याच्या वयाचा कुठेही पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून तो कधीच कालबाह्य होऊ शकत नाही. आमच्या पंचायतीचा अहवाल 'शंभर टक्के बदल' या शेऱ्यासह वर गेला.

तो रुजू होताना कृपाबाई तिथे उभ्या होत्या. त्यांनी नव्या पाईपवर बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट बघितलं आणि ते पदराला न पुसता माझ्या अहवालाच्या कोपऱ्याला पुसलं. संपूर्ण अहवालात जोडलेला खरा पुरावा तेवढाच.

"एंजल कशी आहे?" मी विचारलं.

"उठून बसते आता. उद्यापासून शाळेत बाटली देणार आहे, उकळलेल्या पाण्याची." मग त्या म्हणाल्या, "तुझे डोळे बघू."

मी खाली बघितलं.

आता एकच काम उरलं आहे, यार्देनची वारस नोंद. वारस म्हणजे जो त्याच्यावर अवलंबून होता, जो त्याचं पाणी प्यायला. गावात दवंडी दिली, कुणी आलं नाही. आप्पा म्हणाले, आमच्याकडं विहिरीचं हाय. मुख्याध्यापक म्हणाले, मी पाणीच कमी पितो. शोकसभेत रडलेल्यांपैकी एकानंही आपण ते पाणी प्यायल्याचं मान्य केलं नाही. वारसांच्या रजिस्टरात एकच सही आहे, कृपाबाईंची. भाऊसाहेब रजेवर आहेत. अर्जात त्यांनी कारण 'घरगुती' लिहिलं आहे.

म्हणून ही जाहीर सूचना. गोकुळची डिलिव्हरी वही मी पाहिली आहे. त्याचे जार शिरूरच्या मंगल कार्यालयांत जातात, हायवेच्या हॉटेलांत जातात, दौंडच्या दोन क्लासेसमध्ये आणि एका दवाखान्यात जातात. गेल्या काही वर्षांत तुम्ही या रस्त्यानं कुठल्या लग्नाला आला असाल, जेवायला थांबला असाल, पेला उचलून 'वा, गार आहे' म्हणाला असाल, तर तुम्हीही वारस आहात. रजिस्टर माझ्या टेबलावर उघडं ठेवलं आहे. पाळकसाहेबांचा नियम मीही पाळते, रकाना रिकामा ठेवायचा नाही. उन्हातून याल, घसा कोरडा असेल. शेजारी जार ठेवलेला आहे. आधी पाणी घ्या, मग सही करा.